एका वर्षाची दोन नावे आणि एक सरकारी हुकूम

वाचकहो, आजचा विषय जरा लांबचा आहे. जपानचा, आणि तोही चौदाव्या शतकातला. "मास्तर, एवढ्या दूर कशाला गेलात?" असे तुमच्यापैकी कुणीतरी नक्की विचारणार. गेलो, कारण ज्या प्रश्नावर मला भांडायचे आहे तो तिथे अगदी स्वच्छ दिसतो. प्रश्न असा की, एकाच वेळी दोन राजे एकाच गादीवर बसल्याचे सांगत असतील, तर शाळेतल्या मुलांना काय शिकवावे? दोघे होते असे सांगावे, की त्यातला एक खरा ठरवून दुसऱ्याला पुसून टाकावे?

जपानच्या सरकारने १९११ साली दुसरा मार्ग धरला. सम्राटाच्या संमतीने हुकूम निघाला आणि पाठ्यपुस्तके बदलली. हा मार्ग चुकीचा होता असे माझे ठाम मत आहे. त्याची बाजू घेणारे जी कारणे देतात ती एकेक करून तपासायची आहेत. त्यासाठी आधी थोडा इतिहास सांगावा लागेल. कंटाळू नका, गोष्ट रंजक आहे.

जपानमध्ये वर्षांना नाव देण्याची रीत आहे. त्या नावाला नेंगो म्हणतात. आपल्या पंचांगात शालिवाहन शकाचा आकडा शतकानुशतके पुढे सरकत राहतो. तिथे तसे नाही. पूर्वी सम्राट एखादे शुभ अर्थाचे नाव जाहीर करी आणि त्या नावाचे पहिले वर्ष सुरू होई. पुढे नवे नाव आले की पुन्हा पहिले वर्ष. १८६८ पासून एका सम्राटाला एकच नाव असा नियम झाला. २०१९ साली नारुहितो गादीवर आले आणि 'रेइवा' सुरू झाले, ते तुम्ही बातम्यांत वाचले असेल. जुन्या काळी मात्र रोगाची साथ आली, भूकंप झाला, आकाशात अशुभ काही दिसले, तरी नाव बदलत. नाव बदलले की संकट टळेल ही भाबडी आशा!

पण नाव देण्याचा हा अधिकार तेव्हा सम्राटाचा होता, दुसऱ्या कुणाचा नाही. त्यामुळे कागदावर तारीख घालणे ही साधी गोष्ट नव्हती. जमिनीचे खत असो, देवळाला दिलेले दान असो, की लढाईत शौर्य गाजवल्याचा दाखला असो, त्यावर कोणते नेंगो घातले यावरून लिहिणारा कुणाला सम्राट मानतो ते उघड होई. आज आपण तारीख लिहितो तेव्हा कुणाची बाजू घेत नाही. त्या काळात तारीख लिहिली की बाजू घेतली गेली.

आता दोन दरबार झाले कसे ते पाहू. सम्राट गो-सागा १२७२ साली वारला. (नावातल्या 'गो'चा अर्थ 'नंतरचा', म्हणजे सागा नावाचा नंतरचा सम्राट.) त्याच्या दोन मुलांच्या वंशांत गादीसाठी तंटा लागला. खरी सत्ता तेव्हा कामाकुराच्या लष्करी राजवटीकडे, म्हणजे शोगुनशाहीकडे होती. तिने दोन्ही घराण्यांना आळीपाळीने गादी देण्याची तडजोड काढली. १३१८ साली गादीवर आलेल्या गो-दाइगोला ही पाळी मान्य नव्हती. त्याने शोगुनशाहीच उलथवण्याचा बेत केला. तो उघडकीला आला आणि १३३२ साली त्याची ओकी बेटावर रवानगी झाली. त्याच्या जागी दुसऱ्या घराण्यातला कोगोन बसला.

१३३३ साली गो-दाइगो बेटावरून निसटला. त्याच्या बाजूच्यांना मोडायला पाठवलेला सरदार आशिकागा ताकाउजी ऐनवेळी फिरला आणि त्याच्याच बाजूने लढला. कामाकुरा पडले. गो-दाइगो क्योतोला परतला आणि त्याने 'केम्मु' हे नेंगो जाहीर केले. चीनच्या हान घराण्याची गेलेली सत्ता परत मिळवणाऱ्या सम्राटाचे नेंगो त्याने मुद्दाम उचलले होते. पण ताकाउजीशी त्याचे लवकरच बिनसले. १३३६ साली मिनातोगावाच्या लढाईत गो-दाइगोचा निष्ठावंत कुसुनोकी मासाशिगे मेला, क्योतो ताकाउजीच्या हाती गेले आणि त्याने कोम्यो याला सम्राट केले. गो-दाइगोने आरसा, तलवार आणि रत्न ही राजचिन्हे त्याच्या स्वाधीन केली. नंतर तो दक्षिणेला योशिनोच्या डोंगरात पळाला आणि तिथून म्हणाला, "मी दिली ती खोटी, खरी माझ्याजवळच आहेत."

झाले! क्योतोत उत्तरेचा दरबार, योशिनोत दक्षिणेचा. दोन सम्राट आणि प्रत्येक वर्षाला दोन नावे. हा प्रकार १३३६ ते १३९२, म्हणजे ५६ वर्षे चालला.

या ५६ वर्षांतला एक तुकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तरेच्या दरबाराने १३५० साली 'कान्नो' नावाचे नेंगो सुरू केले. ते पुरती तीन वर्षेही टिकले नाही. पण 'खरा सम्राट कोण' या वादाची त्याने जी शोभा केली ती कुणाला करता आली नसती.

ताकाउजी आता शोगुन होता. लढाया तो पाही, कारभार आणि न्यायनिवाडे धाकटा भाऊ तादायोशी पाही. ताकाउजीचा कारभारी को नो मोरोनाओ आणि तादायोशी यांचे पटेना. १३४९ साली मोरोनाओने तादायोशीला सत्तेतून बाहेर काढले. पुढच्या वर्षी तादायोशी क्योतोतून निसटला आणि कुठे गेला असेल? थेट दक्षिणेच्या दरबाराला शरण! ज्या दरबाराविरुद्ध दोघे भाऊ चौदा वर्षे लढले त्याचाच आसरा त्याने घेतला. त्या बळावर त्याने १३५१ च्या सुरुवातीला भावाला हरवले आणि मोरोनाओ मारला गेला. मग भावाभावांत समेट झाला. काही महिन्यांत तोही मोडला.

आता पुढची गंमत बघा. तादायोशी पूर्वेला कामाकुराकडे गेला. त्याचा पाठलाग करायचा, तर पाठीमागे दक्षिणेचे सैन्य क्योतोवर चालून येण्याची भीती. म्हणून १३५१ च्या अखेरीस खुद्द ताकाउजी दक्षिणेच्या दरबाराला शरण गेला. ज्याने उत्तरेचा दरबार उभा केला त्यानेच तो बरखास्त होऊ दिला! उत्तरेचा सम्राट सुको पदच्युत झाला. 'कान्नो'चे दुसरे वर्ष रद्द होऊन त्याच वर्षाला दक्षिणेचे 'शोहेई'चे सहावे वर्ष म्हणायचे ठरले.

ही एकी किती टिकली? जेमतेम चार महिने. १३५२ च्या वसंतात दक्षिणेच्या सैन्याने क्योतोवर झडप घातली आणि उत्तरेचे तीन माजी सम्राट, कोगोन, कोम्यो आणि सुको, तसेच युवराज यांना उचलून डोंगरात नेले. राजचिन्हेही गेली. आशिकागांनी क्योतो परत घेतले तेव्हा गादीवर बसवायला माणूस शोधण्यापासून सुरुवात. एक राजपुत्र हाती लागला. पण त्याला गादी देणार कोण? माजी सम्राट कैदेत, चिन्हे शत्रूकडे. शेवटी त्या मुलाच्या आजीच्या अधिकाराने, राजचिन्हांशिवाय, त्याला गो-कोगोन म्हणून गादीवर बसवले. दरम्यान 'शोहेई' सोडून पुन्हा 'कान्नो' लिहायला लागले होते. आता त्याचे तिसरे वर्ष! त्याच वर्षी नाव बदलून 'बुन्ना' केले आणि बिचारे 'कान्नो' संपले.

तादायोशीचे काय झाले? तो भावाला शरण आला आणि कामाकुरात मेला, मोरोनाओच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने, त्याच तिथीला. 'ताइहेइकी' या जुन्या बखरवजा ग्रंथात विषप्रयोगाचा उल्लेख आहे.

आणखी एक. पश्चिमेला क्यूशू बेटावर तादाफुयु नावाचा सरदार होता. ताकाउजीचाच मुलगा, पण तादायोशीने दत्तक घेतलेला. त्याने 'कान्नो' हे नाव मानलेच नाही. तो आधीचे 'जोवा' हेच नेंगो पुढे चालवत राहिला. म्हणजे त्या बेटावर एकाच वर्षाला तीन नावे. एका गावात एक, शेजारच्या गावात दुसरे!

आता मला सांगा, त्या हिवाळ्यात क्योतोत राहणाऱ्या एखाद्या लेखनिकाने काय करावे? शरदात त्याने कागदावर 'कान्नो' लिहिले, थंडीत 'शोहेई' लिहिले, वसंतात पुन्हा 'कान्नो'. तो देशद्रोही होता का? आधी एका सम्राटाशी बेइमान, मग दुसऱ्याशी? छे! शहर ज्याच्या ताब्यात, त्याची तारीख. नाहीतर त्याचे खत न्यायसभेत चालले नसते. पूर्व जपानात त्या काळच्या दगडी स्मृतिशिला हजारोंनी आहेत. हिरवट दगडाच्या पातळ शिळा, वर बुद्धाचे चिन्ह आणि खाली तारीख. बहुतेकांवर उत्तरेचे नेंगो, काहींवर दक्षिणेचे. कोणत्या वर्षी कोणत्या मुलखात कुणाची सत्ता होती हे अभ्यासक आज त्यावरून ताडतात. म्हणजे दोन्ही तारखा हा पुरावा आहे. त्यातली एक खोटी ठरवून खोडली तर पुरावाच गेला.

शेवट असा झाला की १३९२ साली तिसरा शोगुन आशिकागा योशिमित्सु याने समेट घडवला. दक्षिणेचा गो-कामेयामा क्योतोला आला आणि त्याने राजचिन्हे उत्तरेच्या गो-कोमात्सुला दिली. यापुढे दोन्ही घराण्यांनी आळीपाळीने गादी घ्यावी असे वचन होते. १४१२ साली गो-कोमात्सुने स्वतःच्या मुलालाच गादी दिली आणि वचन मोडले. तेव्हापासून आजपर्यंत जपानचे सगळे सम्राट उत्तरेच्या रक्ताचे आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता भांडणाकडे वळू.

१९०४ पासून जपानच्या प्राथमिक शाळांत सरकारने लिहवून घेतलेली पाठ्यपुस्तके होती. देशभर एकच पुस्तक. त्यात दोन्ही दरबार एकाच काळात होते असे दिले होते. शिक्षण खात्यात या पुस्तकांचे काम कीता सादाकिची नावाचा इतिहासाचा अभ्यासक पाहत होता. कोण खरा, कोण खोटा असा निवाडा वर्गात करू नये, अशी त्याची भूमिका होती. जानेवारी १९११ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने यावर टीकेची झोड उठवली. आकाशात सूर्य एकच, तसा देशात सम्राट एकच, मग मुलांना दोन कसे शिकवता? वेळही मोठी नाजूक होती. सम्राटाच्या खुनाच्या कटाच्या आरोपावरून त्याच महिन्यात १२ जणांना फाशी दिले होते. संसदेत प्रश्न येणार अशी हवा झाली आणि पंतप्रधान कात्सुरा यांचे सरकार घाबरले. फेब्रुवारीत कीताला कामावरून दूर केले. मार्चमध्ये सम्राट मेइजीच्या संमतीने ठरले की दक्षिणेचा दरबारच खरा. पुस्तकातले 'दक्षिण-उत्तर दरबारांचा काळ' हे प्रकरण गेले, तिथे 'योशिनो दरबाराचा काळ' आले. उत्तरेचे पाच सम्राट क्रमवारीतून बाहेर!

आता मघाचे वाक्य आठवा. मेइजी सम्राट स्वतः उत्तरेच्या वंशातला. म्हणजे राजाने आपल्याच पणजोबांच्या पणजोबांना सम्राट नव्हते असे ठरवून दिले. एवढी कसरत का? कारण तोपर्यंत दक्षिणेची बाजू हाच देशभक्तीचा धडा झाला होता. मितोच्या सरदारघराण्याने लिहवून घेतलेल्या प्रचंड इतिहासग्रंथाने दक्षिणेला खरे मानले होते. १८६३ साली क्योतोच्या तोजिइन देवळातल्या तीन आशिकागा शोगुनांच्या लाकडी पुतळ्यांची मुंडकी तोडून नदीकाठी मांडली गेली होती. १९०० साली राजवाड्यासमोर कुसुनोकीचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आता पुस्तकाने मागे राहून कसे चालेल?

या निर्णयाची बाजू घेणारे तीन कारणे देतात.

पहिले कारण राजचिन्हांचे. ज्याच्याकडे खरी चिन्हे तो खरा सम्राट, आणि ती दक्षिणेकडे होती. ठीक. मग ११८३ साली काय झाले ते सांगा. तेव्हा बालसम्राट आंतोकु याला आणि राजचिन्हांना घेऊन ताइरा घराणे पश्चिमेला पळाले होते. क्योतोत चिन्हांशिवायच गो-तोबाला गादीवर बसवले. ११८५ च्या दान-नो-उराच्या समुद्रावरच्या लढाईत आंतोकु बुडाला आणि तलवारही बुडाली. तरीही गो-तोबा अधिकृत यादीत ८२वा सम्राट म्हणून आहे, आणि त्याची कारकीर्द आंतोकु जिवंत असतानाच सुरू झालेली धरतात. म्हणजे गो-तोबाला चिन्हे लागली नाहीत आणि गो-कोगोनला लागली! एकाच परीक्षेत दोन विद्यार्थ्यांना दोन नियम लावले तर पालक शाळेवर मोर्चा आणतील. शिवाय कोणती चिन्हे खरी हे आपल्याला कुणी सांगितले? गो-दाइगोने, म्हणजे वादी पक्षानेच.

दुसरे कारण मुलांच्या गोंधळाचे. दहा-बारा वर्षांच्या पोरांना दोन राजे शिकवले तर त्यांचा घोळ होईल. हे कारण जपानपुरते नाही. मी पस्तीस वर्षे वर्गात उभा राहिलो आहे आणि शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य किती वेळा ऐकले याला गणती नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे. दोन भावांत भांडण होते आणि दोघेही 'घर माझे' म्हणतात, ही गोष्ट चौथीच्या पोराला लगेच कळते. त्याच्या गल्लीत ती घडलेली असते. मुलांचा घोळ होतो तो पुस्तक लपवाछपवी करते तेव्हा. समजा, एखाद्या हुशार मुलीने विचारले, "गुरुजी, खरा सम्राट योशिनोत होता, तर मग आताचे सम्राट क्योतोवाल्याच्या वंशातले कसे?" त्या १९११ नंतरच्या मास्तराने काय उत्तर द्यायचे? "खाली बस," एवढेच! सरकारने मुलांचा गोंधळ काढला नाही, तो मास्तराच्या गळ्यात बांधला.

मला सर्वांत जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. विद्यापीठातल्या पंडितांना सत्य ठाऊक होतेच. तोक्योच्या शाही विद्यापीठातले तानाका योशिनारी यांनी आपला विषय दोन दरबारांचा म्हणूनच शिकवला. त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ साली त्यांचे पुस्तक निघाले तेही 'दक्षिण-उत्तर दरबारांच्या काळाचा इतिहास' याच नावाने. म्हणजे मोठ्यांसाठी एक इतिहास आणि लहानांसाठी दुसरा! विद्यापीठाच्या पायरीपर्यंत किती मुले पोचत होती? मूठभर. बाकीच्या शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांनी आयुष्यभर सरकारी गोष्टच खरी मानायची. ज्याला पुढे शिकायला मिळणार नाही त्याला तर शाळेत सर्वांत खरे ते सांगायला हवे. कारण त्याची चूक दुरुस्त करायला पुढे कुणी नाही.

तिसरे कारण निष्ठेचे. राष्ट्र उभे करायचे तर एक राजा, एक निष्ठा हवी, आणि कुसुनोकीसारखा आदर्श हवा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे खरेच आहे. म्हणून तर ५६ वर्षे रक्त सांडले. पण राहत नाहीत म्हणून दुसरी तलवार नव्हतीच, हे कुठले तर्कशास्त्र? कुसुनोकीबद्दल मला आदर आहे. हरणार हे दिसत असताना तो लढायला गेला. पण त्याला मोठे करायला ताकाउजीला राक्षस करण्याची गरज नव्हती, आणि उत्तरेच्या सम्राटाला खोटे ठरवण्याची तर मुळीच नव्हती. उत्तरेकडून लढून मेलेलेही आपल्या सम्राटासाठीच मेले. त्यांची निष्ठा पातळ होती काय?

आणि एकदा सरकारने इतिहासात हुकूम चालवला की तो पुस्तकात थांबत नाही. १९३४ साली व्यापारमंत्री नाकाजिमा कुमाकिची यांना राजीनामा द्यावा लागला. गुन्हा काय? त्यांनी फार वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका लेखात ताकाउजीविषयी चार बरे शब्द होते! सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला बरे म्हटले म्हणून मंत्रिपद गेले. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत विमानांसह शत्रूच्या जहाजांवर आदळून मरायला तरुण पोरे पाठवली, त्या मोहिमांना नाव दिले 'किकुसुइ', म्हणजे पाण्यावर तरंगणारे शेवंतीचे फूल. हे कुसुनोकीच्या घराण्याचे चिन्ह. एका पाठ्यपुस्तकाने महायुद्ध झाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे बालिशपणाचे होईल. पण ती पोरे ज्या शाळांत शिकली तिथे निष्ठा म्हणजे प्रश्न न विचारता मरणे, एवढाच अर्थ शिल्लक राहिला होता. दुसरी बाजू पुसली की असे होते.

कुणी म्हणेल, मग तुम्ही उत्तरेचे वकील का? नाही बुवा. उद्या उलटा हुकूम निघाला आणि दक्षिणेचे सम्राट खोडले, तरी मी असाच भांडेन. किताबाताके चिकाफुसाने १३३९ साली हिताचीच्या वेढ्यात दक्षिणेच्या बाजूने 'जिन्नो शोतोकी' हा ग्रंथ लिहिला. तो मुलांना जरूर सांगा. तो पक्षपाती आहे, पण तो स्वतःच्या नावाने, स्वतःचा जीव धोक्यात घालून पक्ष घेतो. सरकारी पुस्तक निःपक्षपातीपणाचा मुखवटा चढवून पक्ष घेते. या दोन्हींत फार मोठा फरक आहे.

'दोघेही खोटेच, सोडा हो' असे म्हणणारेही मला मान्य नाहीत. कोण खरा याचा निवाडा करता येत नाही याचा अर्थ काहीच खरे नाही असा होत नाही. 'कान्नो'च्या दुसऱ्या वर्षी सुको पदच्युत झाला हे खरे आहे. त्या थंडीत क्योतोत 'शोहेई' लिहिले जात होते हेही खरे आहे. वसंतात तीन माजी सम्राटांना कैद करून नेले हेही खरेच. मुलांना हे सगळे सांगता येते. सांगता येत नाही ते एकच, की देवाने यातला कोण निवडला होता. आणि ते सांगणे हे इतिहासाच्या मास्तराचे काम नाही.

महायुद्धानंतर जपानच्या शाळांत 'दक्षिण-उत्तर दरबारांचा काळ' हे नाव परत आले. चांगले झाले. १९४६ साली नागोयाचा एक दुकानदार, कुमाझावा हिरोमिची, आपण दक्षिणेच्या वंशातले खरे सम्राट आहोत असे म्हणत पुढे आला आणि वृत्तपत्रांत गाजला. पुढे त्याने न्यायालयातही दाद मागितली, ती फेटाळली गेली. लोक त्याला हसले. पण त्याला हा युक्तिवाद कुणी पुरवला? १९११ च्या हुकुमाने! दक्षिणच खरी असे सरकारच म्हणत होते. त्याने फक्त पुढचे वाक्य बोलून दाखवले.

सम्राटांची अधिकृत यादी मात्र आजही त्या हुकुमाप्रमाणेच आहे. गो-दाइगो ९६वा, मग दक्षिणेचे तिघे, आणि समेटानंतरचा गो-कोमात्सु १००वा. मधल्या दक्षिणेच्या चोकेइ या सम्राटाला तर १९२६ साली यादीत घेतले, म्हणजे मेल्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी! उत्तरेचे पाच जण यादीच्या बाहेर, त्यांना क्रमांक नाही. आणि यादीच्या टोकाला आज जे सम्राट आहेत ते त्या पाचांपैकी सुकोचे वंशज.

आपल्याकडच्या दोन गाद्यांची उदाहरणे तुमच्या मनात येत असतील. ती तुमची तुम्ही ताडून पाहा, आज माझा विषय जपानचाच आहे. माझी मागणी अगदी छोटी आहे. मुलांच्या पुस्तकात १३५१ या वर्षापुढे दोन्ही नावे छापा. 'कान्नो २' आणि 'शोहेई ६'. क्यूशूतले 'जोवा' तिसरे छापले तर फारच उत्तम. मुलांनी विचारले, की एका वर्षाला तीन नावे कशी, तर मास्तराने खडू खाली ठेवावा आणि ताकाउजी आणि तादायोशीची गोष्ट सांगायला बसावे. तो तास पोरे विसरणार नाहीत. असो.